पोटखराब्यातील रहिवासी

तलाठ्याच्या दप्तरात प्रत्येक शेताची जी कुंडली मांडलेली असते तीत ‘पोटखराबा’ नावाचे एक घर असते. आणि ज्याचा शेतीशी वा दप्तराशी संबंध आलेला नाही अशा वाचकाला हा शब्द एखाद्या व्याधीचे नाव वाटण्याचा संभव असल्यामुळे त्याचा अर्थ प्रारंभीच सांगितलेला बरा. विंगेट आणि गोल्डस्मिड या दोन इंग्रज अंमलदारांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी नव्याने बसविली, 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले, आणि त्या वळणावर वाढलेल्या आपल्या मुलकी कारभारात शेताच्या पोटातील जी जमीन पिकास नालायक ठरते ती क्षेत्रात मोजली जाते, पण साऱ्यातून वगळली जाते. खडकाळ टेपाड, खळ्याची जागा यांसारखी खातेदाराच्या उपयोगाची पण नांगराखाली न येणारी जमीन वर्ग ‘अ’ मध्ये, आणि रस्ता, पाऊलवाट, ओढा, तळे अशी सार्वजनिक वापराची जमीन वर्ग ‘ब’ मध्ये, अशी तिची वाटणी आहे. दप्तराने नव्हे तरी शेतकऱ्याने मनाशी या वर्गात जमा केलेली आणखीही काही जागा असते, ती म्हणजे बांध. बांधावर बोर उगवते, बाभूळ उगवते, घाणेरी आणि रुई माजते, आणि या सगळ्यांतून सरकारला दमडी मिळत नाही व मालकाला फार तर काटक्या मिळतात. सबब ही जमीन खराब, असा दोघांचाही एकमताने झालेला निकाल आहे.

या निकालावर अपील करण्याचा अधिकार ज्यांना पोहोचतो ते फिर्यादी बहुतेक दोन-तीन मिलिमीटरांहून मोठे नाहीत आणि त्यांना बोलता येत नाही, म्हणून त्यांचे वकीलपत्र घेऊन हे प्रकरण लिहीत आहे.

वकीलपत्र घ्यायचे तर अशिलाची ओळख करून द्यावी लागते, आणि त्याबाबतीत आपल्या परंपरेने वाचकाची निम्मी तयारी आधीच करून ठेवलेली आहे. वेदान्ताच्या चर्चेत आणि संतवाङ्मयात ज्याचा वारंवार उल्लेख येतो तो कीटभृंगन्याय पुष्कळांना ठाऊक असेल: कुंभारीण माशी, म्हणजेच भृंगी, एखादी अळी धरून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते, आणि भयाने म्हणा वा ध्यासाने म्हणा त्या अळीला सदासर्वदा भृंगीचेच चिंतन घडल्यामुळे ती स्वतःच भृंगी होऊन घरट्याबाहेर पडते. ज्याने प्रथम हे पाहिले त्याच्या डोळ्यांत काही दोष नव्हता. आत अळी गेली हे खरे आणि बाहेर कुंभारीण आली हेही खरे. मध्ये काय झाले एवढेच मातीच्या भिंतीआड राहिले. कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते, तिच्याजवळ अंडे घालते, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू ती जिवंत शिदोरी सावकाश खाऊन मोठे होते. अद्वैताचा दृष्टान्त यामुळे थोडा उग्र होतो खरा, पण निसर्गाचे निरीक्षण म्हणून तो जसाच्या तसा उभा राहतो. या प्रकरणातले आमचे अशील म्हणजे कुंभारणीच्याच दूरच्या चुलत बहिणी. मात्र त्यांना मातीचे घर बांधण्याचाही खटाटोप मान्य नाही. त्या अळीच्या शरीरात, कोशात, किंवा पानाच्या सालीखाली दडविलेल्या दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात आपले अंडे घालून निघून जातात, आणि यजमानाचे शरीर हेच पिल्लाचे घर आणि हेच त्याचे अन्न ठरते. काही माश्याही हाच धंदा करतात. परोपजीवी या शब्दाने आपण गोचीड, ऊ, जंत यांनाही संबोधतो. परंतु गोचिडीला गाय जिवंत राहण्यात स्वारस्य असते, तसे या मंडळींना यजमानाच्या जिवाविषयी काही नसते. एका पिल्लाचे संगोपन म्हणजे निदान एका यजमानाचा अंत, हा त्यांचा हिशेब आहे, आणि शेतकऱ्याने त्यांना मित्रकीटक म्हणावे याचे कारणही तोच हिशेब आहे.

आता अशी मादी ज्या अळीच्या शोधात आहे ती अळी कपाशीवर किंवा तुरीवर आहे, तर मादीनेही कपाशीत आणि तुरीतच राहावे, बांधावर तिचे काय काम, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, पिल्लाचे अन्न आणि आईचे अन्न एक नव्हे. प्रौढ मादीला उडण्यासाठी साखर लागते, ती मुख्यतः फुलांतील मधातून किंवा माव्याने टाकलेल्या चिकट्यातून मिळते. पिकाला फुले असतात ती थोडे दिवस. त्याखेरीज, पीक काढून नांगर फिरला की यजमानही गेला आणि आसराही गेला, आणि पुढचे पीक उभे राहून त्यावर कीड येईपर्यंतचा काळ कुठेतरी काढावा लागतो. मराठी फौजांना पावसाळ्यात छावणी करावी लागे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघावे लागे. छावणीला चारा-पाणी नसेल किंवा ती मुलखापासून फार दूर पडत असेल, तर दसरा कितीही उत्साहाने साजरा केला तरी मोहीम उशिराच सुरू व्हावयाची. कीटकांच्या राज्यात मोहीम उशिरा सुरू होणे म्हणजे ती हरणेच असते, कारण कीड पंधरवड्यात जेवढी वाढते तेवढी पुढे कोणाच्याने आवरत नाही. छावणी कोठे आहे, किती मोठी आहे, आणि तिच्यापासून शेत किती मजलांवर आहे, या तीन प्रश्नांनाच शास्त्रीय भाषेत प्रदेशाच्या ठेवणीचा प्रश्न म्हणतात.

या प्रश्नाचे जे उत्तर प्रथम नीट हाती लागले ते कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांत. तेथे द्राक्षाच्या पानांवर एक तुडतुडा पडतो. तो पानाचा रस शोषतो, पान पांढुरके पडते, आणि घड पिकविण्याचे काम ज्या पानांनी करावयाचे तीच थकून जातात. महायुद्धानंतर डीडीटीने त्याचा काही काळ बंदोबस्त झाला, पण पन्नाशीच्या दशकात तो डीडीटीला दाद देईनासा झाला, आणि मग संशोधकांचे लक्ष त्याच्या स्वाभाविक शत्रूकडे वळले. हा शत्रू म्हणजे ॲनाग्रस नावाची, मिलिमीटरहून लहान, पिसाच्या कडेसारखी झालर असलेल्या पंखांची एक गांधीलमाशी. तुडतुडा आपली अंडी पानाच्या पृष्ठाखाली दडवितो आणि ॲनाग्रस ती हुडकून प्रत्येकात आपले अंडे घालते. डाउट आणि नाकाटा या कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन संशोधकांना असे दिसले की, नदीकाठच्या काही मळ्यांत ही माशी वसंताच्या आरंभीच हजर असते आणि तेथे तुडतुड्याचे काही चालत नाही. दूरच्या मळ्यांत मात्र ती इतकी उशिरा पोहोचते की तोवर पाने पांढरी पडलेली असतात. जमीन तीच, द्राक्ष तेच, मशागतही तीच, मग हा भेद कशाने?

उत्तर मळ्यात नव्हतेच. द्राक्षावरचा तुडतुडा हिवाळा प्रौढ अवस्थेत काढतो, अंडी घालीत नाही. त्यामुळे जिला अंड्याखेरीज वंश चालविता येत नाही त्या ॲनाग्रसला हिवाळाभर द्राक्षमळ्यात काहीही करण्यासारखे नसते. पण नदीकाठी रानटी ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या असतात. महाबळेश्वरला आपण जी रासबेरी खातो तिच्याच प्रजातीतले हे झुडूप. त्यावर आणखी एक तुडतुडा राहतो, ज्याला द्राक्षाशी काही कर्तव्य नाही, बागाईतदारांच्या दृष्टीने ज्याचे असणे-नसणे सारखेच, आणि जो थंडीच्या दिवसांतही अंडी घालतो. ॲनाग्रसची छावणी त्या अंड्यांत. म्हणजे द्राक्षाचे रक्षण द्राक्षाबाहेरच्या एका निरुपयोगी झुडपावरील एका निरुपयोगी किड्याच्या जिवावर चालले होते, आणि ते झुडूप नदीकाठच्या अशा पट्टीत वाढत होते की आपल्या दप्तरात तिला वर्ग ‘ब’ मध्ये टाकून मोकळे व्हावे. या दोघांचे निबंध 1965 आणि 1973 साली प्रसिद्ध झाले. पीकरक्षणाच्या वाङ्मयात त्यांना आज आद्य ग्रंथाचा मान आहे आणि तो यथार्थ आहे.

यापुढची हकीकत मला अधिक मोलाची वाटते, कारण यश सांगणारे पुष्कळ असतात. गुपित कळल्यावर मळ्यांच्या शेजारी मुद्दाम ब्लॅकबेरी लावण्याचे प्रयोग झाले आणि ते फारसे फळले नाहीत. नदीकाठच्या सावलीत आपखुषीने वाढणारी जाळी आणि उन्हात हुकमाने लावलेली रांग यांत माणसाला भेद दिसला नाही तरी तुडतुड्याला दिसतो. पुढे 1984 च्या सुमारास असे आढळले की फ्रेंच प्रूनच्या, म्हणजे आलुबुखाऱ्याच्या एका जातीच्या, झाडांवरही एक तुडतुडा हिवाळ्यात अंड्यांच्या रूपाने असतो आणि ॲनाग्रस त्यांतही मुक्काम करते. तेव्हा मळ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला आलुबुखारा लावावा अशी तजवीज सुरू झाली. कॉर्बेट आणि रोझेनहाइम यांनी या झाडांना रुबिडियम या मूलद्रव्याची मात्रा देऊन तेथे वाढलेल्या माश्यांवर जणू दप्तरी शिक्काच मारला आणि मळ्यात सापडणाऱ्या माश्यांपैकी कोणत्या त्या झाडांवरून आल्या ते तपासले. 1996 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, एका मळ्यात आलेल्या माश्यांपैकी 34 टक्के तेथल्या होत्या आणि दुसऱ्या मळ्यात केवळ 1 टक्का. बाकीच्या दुरून, कुठल्यातरी नदीकाठावरून वाऱ्याबरोबर आलेल्या होत्या. गंमत अशी की झाडांनी त्यांनाही मदत केली होती: झाडांच्या रांगेमुळे वारा अडतो, तिच्या आडोशाला त्याचा वेग मोडतो, आणि वाऱ्यावर तरंगत चाललेली माशी तेथे खाली उतरते. जी झाडे छावणी म्हणून लावली ती धक्क्याप्रमाणे उपयोगी पडली. शिवाय ज्या माशीला सगळे एकाच नावाने ओळखत होते ती एक नसून एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत, असेही पुढे वर्गीकरणकारांनी दाखवून दिले.

कॅलिफोर्नियाच्या कथेत छावणीचे महत्त्व दिसते, पण छावण्या विखुरल्या आणि आकसल्या तर त्याचा भार कोणावर आधी पडतो, हे तीतून कळत नाही. ते जर्मनीत केलेल्या एका साध्या प्रयोगाने कळले. क्र्यूस आणि चार्न्टके यांनी लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाची, जे आपल्या लसूणघासाच्या गोत्रातले आहे, लहानलहान बेटे शेतांच्या अफाट पसाऱ्यात लावली. काही जुन्या कुरणांजवळ, काही त्यांपासून दूर. क्लोव्हर खाणारे किडे बहुतेक सर्व बेटांवर पोहोचले. त्या किड्यांना खाणाऱ्या परोपजीवी माश्यांपैकी मात्र फारच थोड्या जाती पोहोचल्या, आणि परिणामी दूरच्या बेटांवरील किड्यांना परोपजीवींचा जो उपद्रव झाला तो कुरणाजवळच्यांच्या मानाने अवघा 19 ते 60 टक्के होता. हा निष्कर्ष 1994 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याचे तात्पर्य असे की, प्रदेशाचे तुकडे पडले असता यजमान आणि त्याचा शत्रू यांच्यावर संकट समसमान येत नाही. सावकार आणि कूळ दोघेही दुष्काळात सापडतात खरे, पण येथे उलटा न्याय आहे: वरच्या मजल्यावर राहणारा आधी देशोधडीला लागतो. त्याची संख्या यजमानापेक्षा कमी, त्याचे अन्न यजमानावर अवलंबून, यजमान ज्या जागी नाही तेथे त्याला जाऊन उपयोग नाही, आणि यजमान जेथे आज आहे तेथे तो उद्या असेलच याची हमी नाही. आपत्ती जितक्या पायऱ्या चढते तितकी तीव्र होते.

जर्मनीतच, ग्यॉटिंगेनच्या परिसरात, थीस आणि चार्न्टके यांनी मोहरीच्या नात्यातील रेप या तेलबियांच्या पिकावरील एका परागभक्षक भुंगेऱ्याचा अभ्यास पंधरा निरनिराळ्या ठेवणींच्या प्रदेशांत केला. काही प्रदेश असे की क्षितिजापर्यंत नांगरटच नांगरट, आणि काही असे की शेतांच्या मधूनमधून पडीक पट्ट्या, कुरणे, झुडपांची कुंपणे. 1999 साली त्यांनी दाखविले की, दुसऱ्या प्रकारच्या प्रदेशांत भुंगेऱ्याच्या अळ्या परोपजीवींना अधिक बळी पडतात आणि पिकाचे नुकसान कमी होते. शेताला लागून वर्षानुवर्षे न नांगरलेली पट्टी असेल तर तिच्याही बाजूने साक्ष निघते. बिनपिकाच्या जमिनीचे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली गेले की परोपजीवींचा अंमल 32 ते 36 टक्क्यांच्या खाली घसरतो, आणि त्याखाली तो गेला तर जैविक नियंत्रण यशस्वी झाल्याचे उदाहरण सापडत नाही, असे त्यांचे गणित आहे. पोटखराब्याला कोणी भाव ठरवून दिला असेल तर तो प्रथम यांनी. मात्र हा आकडा जर्मनीतल्या एका पिकाचा, एका किडीचा आणि एका परिसराचा आहे. तो विदर्भातल्या कपाशीला लावणे म्हणजे एका गावची आणेवारी दुसऱ्या गावाला लावण्यासारखे होईल.

शेजार म्हणजे किती दूरपर्यंतचा शेजार, हाही वादाचा मुद्दा आहे, आणि वादी बदलला की त्याचे उत्तर बदलते. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात ॲस्पेन वृक्षांची पाने फस्त करणारी एक जाळेकरी अळी आहे. तिच्यावर जगणाऱ्या चार जातींच्या माश्यांचा रोलँड आणि टेलर यांनी अभ्यास केला. झाडी आणि उघडी जमीन यांच्या प्रमाणानुसार प्रत्येक माशीचा अंमल वाढतो किंवा घटतो, हे तर त्यांना दिसलेच. पण 1997 साली त्यांनी जे प्रसिद्ध केले त्यातील लक्षात राहणारी गोष्ट अशी की, चौघींचे शेजार चार निरनिराळ्या मापांचे होते, आणि माशी जितकी मोठ्या अंगाची तितका तिचा शेजार विस्तृत. लहानीला आपल्या भोवतीच्या काही दशक मीटरांचे सुखदुःख; थोरलीला शेकडो मीटरांचे. गावनकाशा एकच, पण तो पाहणाऱ्या चौघींजवळ चार मोजपट्ट्या, आणि भूमापकाची साखळी त्यांपैकी एकीशीही जुळणारी नाही.

एकाच यजमानावर जगणाऱ्या दोन माश्यांचे स्वभाव किती भिन्न असू शकतात याचे मला फार आवडणारे उदाहरण फिनलंडच्या ऑलंड द्वीपसमूहातले आहे. इल्का हान्स्की या थोर परिस्थितिविज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सुमारे 4,000 लहानलहान गवताळ तुकड्यांवर 1993 पासून एका चट्ट्यापट्ट्याच्या नारिंगी फुलपाखराची वर्षानुवर्षे पाहणी केली. त्याच्या अळ्यांवर दोन परोपजीवी माश्या आहेत. पहिली, कोटेशिया, घरकोंबडी: जवळच्या कुरणापलीकडे सहसा जात नाही, म्हणून जेथे फुलपाखरांची वस्ती दाट आणि लागून लागून आहे तेवढ्याच थोड्या ठिकाणी सापडते, आणि एखादी वस्ती उठली की तिच्याबरोबर नाहीशी होते. दुसरी, हायपोसोटर, पट्टीची प्रवासी. फुलपाखराच्या अंड्यांचा पुंजका तिला सापडला तरी त्यातील अळ्या अंडे फोडून बाहेर पडण्याच्या अगदी बेतात असताना जो अल्प काळ मिळतो त्यातच तिला आपले काम उरकावे लागते. म्हणून ती पुंजक्यांच्या जागा ध्यानात ठेवते आणि वसुलीस निघालेल्या कारकुनाप्रमाणे पुनःपुन्हा फेऱ्या घालून मुदत भरली की नाही ते पाहून जाते. तिच्या हाती दरवर्षी, बहुतेक सर्व द्वीपसमूहात, अळ्यांपैकी सुमारे तृतीयांश लागतात. चौथाईचा हक्क आपल्याला परिचित आहे; हिचा तिजाई म्हणावा. आणि या दोघींवरही जगणाऱ्या आणखी माश्या आहेत, त्यांचे शेजार आणखी निराळे.

येथपर्यंत वाचून बांध राखणे म्हणजे कीड हटविणे असे सरळ सूत्र कोणी मनाशी बांधले असेल, तर ते मला लगेच सोडविले पाहिजे, कारण वकिलाने अशिलाची बाजू मांडताना कागद दडवू नयेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मॅरिनो आणि लँडिस यांनी मक्यावरील लष्करी अळीवर पाहिले की, लहान शेते, कुंपणे आणि झाडीचे तुकडे असलेल्या प्रदेशात 13.1 टक्के अळ्या परोपजीवींना बळी पडल्या आणि मोठ्या मोकळ्या शेतांच्या प्रदेशात अवघ्या 3.4 टक्के, पण पुढे हीच तुलना आणखी ठिकाणी केली तेव्हा सर्वत्र असा फरक मिळाला नाही. 2018 साली जगभरातील 132 अभ्यासांतील 6,759 ठिकाणांची माहिती एकत्र करून पाहिली असता, भोवतालच्या बिनपिकाच्या जमिनीला किडी आणि त्यांचे शत्रू यांचा प्रतिसाद ठिकठिकाणी अगदी निरनिराळा आढळला: कोठे शत्रू वाढले, कोठे कीड वाढली, कोठे काहीच घडले नाही. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. बांध हा मित्रांची धर्मशाळा आहे, आणि धर्मशाळेत उतारूचे गोत्र विचारीत नाहीत. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण पीक नसताना गाजरगवतावर मजेत राहतो. बांधावरचे गाजरगवत राखणारा शेतकरी शत्रूलाच दाणापाणी पुरवीत असतो. कोणत्या झुडपावर कोणाचा मुक्काम आहे हे जाणल्यावाचून सरसकट बांध माजू देणे आणि सरसकट तो जाळून काढणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच आंधळेपणाच्या आहेत.

तरीही झाडी सोडून सगळेच एका पिकाखाली आणावे काय, याबाबत पुरावा फारसा दोलायमान नाही. अमेरिकेतील मध्यपश्चिमेच्या चार राज्यांत इंधनासाठी मक्याचे क्षेत्र वाढले; ढालकिड्यांसारख्या परभक्षी कीटकांना मक्याच्या अखंड पसाऱ्यात पुरेसे काही मिळेना, आणि शेजारच्या सोयाबीनवरील माव्याचा जो बंदोबस्त ते फुकट करीत होते तो सैल पडला. 2008 साली संशोधकांनी या हानीची रक्कम वर्षाला 5 कोटी 80 लाख डॉलर ठरविली.

आपल्याकडे 2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा उतरला आणि पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात हां हां म्हणता पसरला. त्याला खाणाऱ्या डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा कीटक यांनी त्याचा पुढे समाचार घेतला; पण कृष्णाकाठी मैलोगणती एकच पीक उभे असता त्यांना शेताशेतांतून पोहोचविण्याचे काम माणसांनाच हाती घ्यावे लागले. जाळीखाली डिफाची पैदास करून अळ्यांसकट पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन ठेवली गेली. ॲनाग्रसला जे काम वारा आणि आलुबुखाऱ्याची रांग करून देत होती ते येथे शेतकऱ्याच्या पाटीने केले. कपाशीत मधूनमधून चवळीची ओळ घ्यावी अशी जी शिफारस कृषी विद्यापीठे करीत आली आहेत तिचे मर्मही हेच: चवळीवर जो काळा मावा येतो तो कपाशीवरच्या माव्याहून निराळ्या जातीचा, परंतु ढालकिड्याला दोन्ही गोड, तो चवळीवर पोसला जातो आणि कपाशीवर कामास येतो. ब्लॅकबेरीच्या जाळीचेच हे देशी भाषांतर, फक्त येथे पोटखराबा शेताच्या काठावर न ठेवता तासांमध्ये आणून बसविलेला आहे. आमच्या जुन्या शेतकऱ्यांनी ज्वारीच्या पाटीत तूर, मूग, अंबाडी पेरली ती काही किडींचे शास्त्र जाणून नव्हे, एका पिकाने दगा दिला तर दुसरे हाती लागावे म्हणून. पण एका हेतूने केलेल्या कामाचे दुसरे फळ मिळू नये असा काही नियम नाही.

त्या वेळचे शेत बैलाच्या वळणाने आखलेले होते. आज ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, वाटण्या होऊन तुकडे लहान झालेल्या शेतकऱ्याला वीतभर जमीनही सोडवत नाही, आणि बांध दरसाल दोन्ही बाजूंनी कोरला जाऊन शेवटी हद्दीचे दगड तेवढे उरतात. या शेतकऱ्याला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. ज्याचे पोट दोन एकरांवर आहे त्याला माशीच्या छावणीची काळजी वाहा असे सांगणे शहरात बसून सोपे असते. विनंती एवढीच की, बांध कोरण्यापूर्वी एकदा सकाळच्या उन्हात त्यावर बसून पाहावे. बोरीच्या किंवा धन्याच्या फुलावर मोहरीएवढे काही बसते आणि उडते. ते चिलट नसण्याचा संभव पुष्कळ आहे.

2018 साली राज्य शासनाने जमीन महसुलाच्या नियमांत दुरुस्ती केली आणि वर्ग ‘अ’ मधील पोटखराबा खातेदाराने लागवडीखाली आणल्यास त्यावर आकारणी करण्याची सोय झाली. जो पोटखराबा तसाच राहील त्याची नोंद पूर्वीप्रमाणे गाव नमुना बारामध्ये होते. तेथे ‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’ असे शीर्षक असून त्याखाली ‘स्वरूप’ आणि ‘क्षेत्र’ असे दोनच रकाने आहेत.